स्वयंसेवकाचे संगोपन

परदेशातून एकट्याने येऊन मुलांची सेवा करून जाणारा स्वयंसेवक शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत साधारणपणे भाताची झोडणी आटोपल्यावर अवतरतो आणि चैत्राचे ऊन तापू लागले की अंतर्धान पावतो. नेमक्या याच काळात कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. म्हणजे सेवा करणारा येतो तेव्हा मुले नसतात आणि पावसाच्या तोंडावर मुले परततात तेव्हा सेवा करणारा आपल्या देशी पोचलेला असतो, हा या विषयाचा पहिला सिद्धान्त होय. तरीही सेवेत खंड पडत नाही, कारण जी मुले मागे राहिलेली असतात ती कमालीची समजूतदार असून दारी आलेल्या पाहुण्याला विन्मुख पाठवू नये एवढे वळण त्यांना घरातूनच लागलेले असते, आणि म्हणून ती मोठ्या मनाने स्वतःची सेवा करून घेतात.

या सेवेकऱ्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांचा. हे ‘गॅप इयर’वर निघालेले असतात, गॅप इयर म्हणजे शाळा संपल्यावर आणि कॉलेज सुरू होण्यापूर्वी युरोप-अमेरिकेतली मुले जग पाहण्यासाठी घेतात ती वर्षभराची रजा. आपल्याकडेही बारावीनंतर पुष्कळांचे वर्ष मोकळे जाते, पण त्यावर घरात जे बोलले जाते त्यात जग पाहण्याचा उल्लेख नसतो. दुसरा वर्ग नोकरीला विटून स्वतःच्या शोधात निघालेल्या तिशी-पस्तिशीतल्यांचा. लंडनमध्ये न सापडलेले आपण शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पुढे कुठेतरी सापडू, असा यांचा ठाम विश्वास असतो. डोळखांबच्या लोकांना मात्र वस्तू जिथे हरवली तिथेच शोधण्याची जुनी सवय आहे. तिसरा वर्ग निवृत्तांचा. हा सर्वांत उपयोगी, कारण त्याला निदान नळाची तोटी बसवता येते. पण नळाला पाणीच येत नसल्यामुळे या कौशल्याची परीक्षा होण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

सेवेचा श्रीगणेशा कागदपत्रांनी होतो. भारताच्या पर्यटक व्हिसावर येणाऱ्याला जास्तीत जास्त महिनाभर, तेही विनामोबदला, अशी स्वयंसेवा करण्याची मुभा आहे आणि त्याहून अधिक काळ राहायचे तर निराळा व्हिसा लागतो, त्यामुळे बहुतेकांची सेवेची ऊर्मी एकोणतिसाव्या दिवशी आपोआप ओसरते. याखेरीज फॉर्मचे एक प्रकरण आहे. परदेशी पाहुणा ज्याच्याकडे उतरला असेल त्याने पाहुण्याची सगळी माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवायची, असा हा नियम असून तो हॉटेलाइतकाच पाड्यावरच्या घरालाही लागू होतो. पाडा म्हणजे मूळ गावापासून अंतरावर असलेली पाच-पंचवीस घरांची आदिवासी वस्ती. तिथे मोबाइलची रेंज येते ती टेकडीवरच्या एखाद्या आंब्याखाली. परिणामी पाहुणा, त्याचा पासपोर्ट, यजमान, यजमानांचा कॉलेजात जाणारा पुतण्या आणि वस्तीतली झाडून सगळी पोरे अशी मिरवणूक टेकडी चढते.

“हॉटेलचं नाव काय टाकू?” पुतण्या विचारतो.

“हॉटेल नाय, घर हाय आपलं.”

“मग घराचं नाव?”

“घराला नाव नाय. म्हशीला हाय.”

रेंज जाण्याच्या आत फॉर्म भरायचा असल्यामुळे अशा वेळी जे नाव आधी सुचेल ते टाकले जाते आणि एखादी म्हैस सरकारदप्तरी अतिथिगृह म्हणून नोंदली जाते.

प्रवासाचा अध्याय याहून खडतर आहे. शहापूरला रेल्वेने यायचे तर आसनगाव स्टेशनला उतरावे लागते आणि त्यासाठी कसारा किंवा आसनगाव लोकल पकडावी लागते. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे तिकडे जाणारा कल्याणला उतरून एसटीच्या रांगेत उभा राहतो आणि कल्याण-मुरबाड रेल्वे लवकरच होणार असल्याची बातमी रांगेतल्या पुढच्या माणसाकडून ऐकतो. एकट्याने जग फिरण्याच्या पुस्तकांत अनोळखी संस्कृतीचा धक्का कसा पचवावा यावर प्रकरणे असतात. परंतु संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये जो धक्का बसतो तो संस्कृतीचा नसून कोपराचा असतो आणि त्यावर कोणत्याही पुस्तकात उपाय सांगितलेला आढळत नाही. कल्याण जवळ आले की डब्यातली निम्मी गर्दी दाराकडे सरकते, तिच्यात पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेला पाहुणाही सरकतो आणि त्याच्या इच्छेचा काडीमात्र संबंध नसताना कल्याणच्या फलाटावर उतरवला जातो. पुढच्या गाडीने तो आसनगावला येतो, तिथून शेअर रिक्षात चालकाच्या मांडीला मांडी लावून शहापूर गाठतो, आणि तिथे त्याला समजते की मुक्कामी गाडी गेली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी तालुक्याहून निघून रात्री आडगावात मुक्काम करणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी. ती चुकली की माणसाने त्या रात्री स्वतःचा शोध स्टँडवरच घ्यावा अशी व्यवस्था आहे.

पाहुणा एकटा आला आहे ही गोष्ट गावाला सर्वांत जड जाते. परदेशात एकट्याने फिरणे हे धाडसाचे लक्षण समजले जाते. मुरबाड तालुक्यात ते घरात काहीतरी बिनसल्याचे लक्षण समजले जाते, आणि पाहुणी जर बाई असेल तर चौकशी पहिल्या पाच मिनिटांत मुद्द्यावर येते.

“एकटीच आली?”

“हो.”

“नवरा?”

“नाही.”

“आईबाप तरी हायत ना?”

“आहेत.”

“मग भांडण झालं असंल.”

पाहुणीने कितीही समजावले की आईवडिलांनीच विमानतळावर सोडले, तरी त्यामुळे आईवडिलांबद्दलचे मत अधिकच वाईट होते. बिचारीला विचारणारे कोणी नाही असा निर्णय होऊन पाचवीतली एक मुलगी तिच्या दिमतीला दिली जाते. ही मुलगी रात्री पाहुणीच्या अंथरुणाशेजारी झोपते, पहाटे बॅटरी आणि पाण्याचा डबा घेऊन तिच्यासोबत जाते, रानातला कोणता पाला अंगाला लागला की खाज सुटते हे हाताने दाखवते, आणि ओढ्यात पाय घालण्याआधी पाहुणीचा हात धरते. पाहुणी डायरीत लिहिते की एका लाजाळू मुलीचा विश्वास आपण तीन दिवसांत संपादन केला. मुलगी आईला सांगते की पाहुणी आता पुष्कळ सुधारली असून एकटी नळापर्यंत जाते.

आहाराचा प्रश्न स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आलेला पाहुणा अलीकडे बऱ्याचदा ‘वीगन’ असतो, म्हणजे मांसमच्छी तर नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मध यांनाही तो शिवत नाही. तांदळाची भाकरी त्याला चालते, सुक्या बोंबलाची चटणी चालत नाही, इथवर यजमानीण समजून घेते. खरी कोंडी चहाची होते. पाड्यावरचे घर एरवी कोरा चहा पिते, म्हणजे बिनदुधाचा. पण घरी पाहुणा आला असता कोरा चहा पुढे करणे म्हणजे अब्रूचा प्रश्न, म्हणून पोराला पिटाळून गावातून पावशेर दूध आणवले जाते. पाहुणा हात जोडून दूध नको म्हणतो. यजमानीण समजते की दुधात पाणी आहे असे याला वाटते, म्हणून पोरगा दुसऱ्या घरी जातो. तेही दूध परत जाते, मग तिसऱ्या घरचे येते. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत बोलवा होते की गोऱ्या पाहुण्याने तीन घरांचे दूध नापास केले आणि त्या तीन घरांनी एकमेकांशी बोलणे टाकले. शेवटी वैतागलेली यजमानीण स्वतःसाठी केलेला कोरा चहा त्याच्यापुढे ठेवते आणि तो “वा, अप्रतिम!” अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो, तेव्हा दिवसभराच्या खर्चाचा हिशेब करत ती चुलीकडे तोंड फिरवते.

पाण्याविषयी पाहुणा विशेष जागरूक असतो. तो सीलबंद बाटलीखेरीज पाणी पीत नाही आणि या सावधगिरीचे त्याला फार समाधान वाटते. मुंबईच्या ज्या लॉजमध्ये त्याने निर्धास्तपणे आंघोळ केली आणि दात घासले, तिथल्या नळाला बहुधा याच तालुक्यातले पाणी येत होते हे त्याला कोणी सांगत नाही. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, मुंबईच्या पाण्याचा साधारण निम्मा वाटा भातसा उचलते, आणि ही दोन्ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. चैत्रानंतरही रेंगाळलेला एखादा पाहुणा टँकरचा फोटो काढतो. पाड्यावरच्या बाया हंडा भरण्याच्या घाईत असल्यामुळे त्याला रांगेतून बाजूला होण्याची विनंती करतात, तीही एकदाच.

आता प्रत्यक्ष अध्यापन. ज्या मुलाला शिकवायचे ते घरी ठाकरी किंवा कातकरी बोली बोलते, शाळेत पुस्तकाची मराठी शिकते आणि इंग्रजी ही त्याच्यापुढची तिसरी पायरी असते. पाहुण्याला स्वतःची एकच भाषा येत असते, पण शिकवणारा तो असतो. नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी ‘माझे नाव अमुक’ हे इंग्रजीतून सांगायला शिकवतो, दुसऱ्या दिवशी डोके, खांदे आणि गुडघे दाखवण्याचे गाणे घेतो, आणि तिसऱ्या दिवशी मुलांची प्रगती पाहून थक्क होतो. मागल्या हिवाळ्यातल्या आणि त्यामागल्या हिवाळ्यातल्या स्वयंसेवकानेही हेच शिकवले होते हे मुले त्याला कळू देत नाहीत. वर्गातला एखादा नवखा पोरगा भरकन पूर्ण वाक्य म्हणून मोकळा होतो, तेव्हा शेजारची मोठी मुलगी त्याला कोपराने ढोसते.

“एवढ्या लवकर नको. त्याला शिकवू दे.”

दर हिवाळ्याला आपले नाव नव्याने शिकणाऱ्या या मुलांना इंग्रजीत नावाच्या पुढचे काही कधी सांगता येईल हा प्रश्न अनिर्णित आहे, कारण नावाच्या पुढचा धडा यायच्या आत व्हिसा संपतो.

भिंत हा या क्षेत्रातला सर्वांत संवेदनशील विषय. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ असतात, म्हणजे बाराखडी, पाढे, महिने आणि जिल्ह्याचा नकाशा रंगवून ठेवलेल्या भिंती, की ज्यांच्याकडे नुसते पाहता पाहता मुलाने शिकावे. स्वयंसेवकाला मात्र भिंत दिसली की ती रंगवावीशी वाटते. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेलेले असताना एका दिवसात ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतची सगळी अक्षरे पांढऱ्या रंगाखाली जातात आणि त्यांच्या जागी इंद्रधनुष्य आणि जिराफ उभा राहतो. रंग वाळेपर्यंत मुले समोर बसून चर्चा करतात.

“हा कुठला बैल?”

“बैल नाय. घोडा हाय. मान खेचली हाय त्याची.”

“कुणी?”

“यानीच.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक येतात, जिराफाकडे पाहतात, पाहुण्याकडे पाहतात आणि पाहुणा हा देव असल्यामुळे टाळ्या वाजवतात. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, भेटीला येतात आणि शेरेपुस्तकात ‘सातचा पाढा आढळून आला नाही’ असे लिहितात. पाहुणा विमानात बसल्यावर मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून रंगाचा डबा आणतात. पुढच्या हिवाळ्यात येणाऱ्या स्वयंसेवकाला पुन्हा एक भिंत मिळते आणि अशा रीतीने शाळेच्या भिंतीची जाडी वर्षाकाठी थोडी वाढत जाते.

याहून अवघड प्रसंग आश्रमशाळेत ओढवतो. आश्रमशाळा म्हणजे आदिवासी मुलांची निवासी शाळा. तिथे राहणे, जेवण आणि शिक्षण यांची सोय असते आणि भेटीला आधी परवानगी लागते. मोठ्या प्रयासाने परवानगी मिळवून आलेला पाहुणा मनाशी अनाथ मुलांची एक प्रतिमा घेऊन आलेला असतो.

“यांचे आईवडील?”

“भट्टीवर गेलेत.”

“म्हणजे... आता नाहीत?”

“आहेत की. शिमग्याला येतील न्यायला.”

पाहुण्याच्या चेहऱ्यावर जी किंचित निराशा उमटते ती शिक्षक सौजन्याने न पाहिल्यासारखी करतात. आईबाप जिवंत असल्याबद्दल मुलांनी पाहुण्याची माफी मागावी अशी पद्धत अजून पडलेली नाही. इतर देशांत मात्र मागणी तसा पुरवठा झाला: कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी सेवेकऱ्यांच्या आणि देणगीदारांच्या ओघापायी, आईबाप हयात असलेली मुलेच अनाथालयांत भरली गेल्याचे उघडकीला आले, आणि ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा झाला त्या सुमारास या धंद्याचीही चर्चा करावी लागली. शहापूरच्या मुलांचे भाग्य असे की त्यांचे आईबाप शिमग्याला खरोखरच येतात.

पाहुणा परत गेल्यावर काहीतरी पाठवण्याचे वचन देतो आणि ते मनापासून असते. परंतु परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाल्यापासून अशी रक्कम घेणाऱ्या संस्थेला नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडणे भाग आहे, त्यामुळे मुरबाडच्या पाड्यावरच्या फळ्यासाठी निघालेले पैसे आधी संसदेच्या रस्त्यावर हजेरी लावून येतात. देशी कंपन्यांचा मार्ग यापेक्षा जवळचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, तेव्हापासून एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसे बसने येतात, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचे रोप लावतात आणि चार वाजता ट्रॅफिक लागेल म्हणून परत निघतात. मुलांना या मंडळींचे विशेष कौतुक आहे, कारण ती काहीच शिकवत नाहीत आणि वडापाव देतात.

या सगळ्यावरून परक्या मुलखात जाऊन मुलांसाठी काम करणे हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण ज्यांना ते जमले त्यांची उदाहरणे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. फक्त त्यांना परतीचे तिकीट काढायला वेळ झाला नाही. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी साठच्या दशकात आल्या, फलटणची मराठी शिकल्या, तिच्यावरच प्रबंध लिहिला, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या, आणि त्यानंतर १९८६ साली तिथे मुलांसाठी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. ज्यांचे नाव शाळेला आहे त्या कमलाबाईही मूळच्या अमेरिकनच. म्हणजे आधी भाषा, मग नागरिकत्व आणि मग शाळा असा हा क्रम आहे. आजचा स्वयंसेवक विमानतळावरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतो आणि बाराखडीवर जिराफ काढून ठेवतो. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून १९५७ साली कोसबाडला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही भरवली. अनुताई १९९२ साली वारल्या त्या कोसबाडचे काम हातात असतानाच. पुढे वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच झोपडीत भरणाऱ्या ‘भोंगाशाळा’ काढल्या. मुले जिथे आणि जेव्हा असतात तिथे आणि तेव्हा जाणे हा उपाय इतका सोपा आहे की तो सुचायला मुक्कामाला राहावे लागते.

मुरबाड तालुक्यापुरते बोलायचे तर जगाने जिची दखल घेतली ती शाळा मुलांची नव्हेच. फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या, आणि त्यांचे फोटो काढायला देशोदेशीचे कॅमेरे फांगण्याला पोचले. इथे शिकवायला कोणी समुद्र ओलांडून आले नव्हते. घरचा अभ्यास नातवंडे घेत आणि चुकले की आजीला तेच अक्षर पुन्हा गिरवायला लावत. मुलांची सेवा करायला निघालेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहावे, म्हणजे शिकवण्याच्या कामाला मुलेच किती लायक आहेत हे ध्यानात येईल.

या व्यवहाराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. डोंबिवली-ठाण्याचा सुशिक्षित तरुण पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला मुरबाडवरून जातो, हिवाळ्यात माहुलीचा किल्ला चढायला आसनगावला उतरतो, आणि मुलांसाठी काहीतरी करण्याची उबळ आली की केनियाचे पॅकेज शोधू लागतो. वाटेतल्या शाळा त्याला दिसत नाहीत याचे कारण त्या वाटेत असतात. सेवेला थोडे तरी अंतर लागते आणि पासपोर्टवर शिक्का पडल्याशिवाय पुण्य नोंदले जात नाही अशी समजूत सर्व खंडांत सारखीच दृढ आहे.

तेव्हा अशा इच्छुकांना एवढेच सुचवावेसे वाटते की आसनगावपर्यंत व्हिसा लागत नाही आणि महिन्याचा पास विमानाच्या तिकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. जूनमध्ये शाळा उघडते, रस्त्यात चिखल असतो आणि फोटो चांगले येत नाहीत, तेव्हा यावे. काय हवे आहे ते आधी शिक्षकांना विचारावे. ते बहुधा रंग मागणार नाहीत, गणिताला माणूस मागतील. दूध देतील तर पिऊन टाकावे. आणि महिन्याभरानेच परत जायचे असेल तर मुलांना ते पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे तीही त्या बेताने जीव लावतील.